यंदा कंपनीला कष्ट आहे

आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी "कॉस्टिंगमध्ये आहे" एवढं सांगून विषय संपवतो. या कानडी शहरात, सर्जापूर रोडवरच्या आमच्या टॉवरांमध्ये पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे सगळे संगणकवाले. त्यांना कुठे सांगत बसू की मी कोंबड्यांच्या खाद्यात घालायच्या पावडरीचा हिशेब ठेवतो? एकदा सांगितलं होतं. गणपतीच्या आरतीनंतर एकजण प्रसाद खाता खाता म्हणाला, "म्हणजे तुम्ही कोंबड्यांचे सीए!" सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मी त्याच्याशी लिफ्टमध्येसुद्धा बोललेलो नाही. मी मनात धरून ठेवणारा माणूस आहे.

पावडर तशी साधीच. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा, त्यात मुरवलेलं एक रसायन. ते चिमूटभर खाद्यात गेलं की कोंबडीच्या यकृतात चरबी साठत नाही, ती नीट वाढते. हवेतली ओल लागली की तिचे लगेच गोळे होतात, म्हणून पोतं भरलं की ताबडतोब शिवावं लागतं. आणि वास! संध्याकाळी बाजारात उरलेल्या मासळीला येतो तसा. कपडे, केस, डब्याची पिशवी, कशातून म्हणून जात नाही. बायको मला आंघोळ केल्याशिवाय सोफ्यावर बसू देत नाही, आणि मी तर दिवसभर दुसऱ्या मजल्यावर काचेच्या आड बसतो.

खाली पॅकिंगमध्ये अक्का होत्या. पोती शिवायचं काम त्यांच्याकडे, आणि तिथल्या बायकांवर देखरेखही त्यांचीच, कुणी नेमलेलं नसताना. आमचा कारखाना महादेवपुऱ्याच्या जुन्या औद्योगिक भागात. चारी बाजूंनी आयटी पार्क उगवले आणि आमचं पत्र्याचं छप्पर मधेच राहून गेलं. तिथे लागलो त्या आठवड्यात जिन्यात याच अक्कांनी मला विचारलं, "ऊट झालं काय, अण्णा?" जेवलात का, म्हणून. मी चमकलो. मराठी, आणि असलं मराठी! त्यांचे लोक कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेले. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि तोंडात दोन्हींची कालवाकालव. वयाने माझ्याहून मोठ्या, तरी मला अण्णा म्हणायच्या. माझी सांगलीकडची बोली ऐकून एकदा म्हणाल्या, "तुमचं मराठी पुस्तकातलं आहे. आमचं चुलीपुढचं." इतक्या वर्षांत मी कानडी शिकलो ते थोडं म्हणजे 'स्वल्प', बरं म्हणजे 'सरी', नको म्हणजे 'बेडा', एवढंच. बाकीचं अक्कांच्या जिवावर भागत होतं. त्या कारखान्यात मला मराठीत बोलायला तेवढं एकच माणूस होतं.

मग परदेशातून येणारी हीच पावडर स्वस्त झाली. येत आधीपासूनच होती, पण भाव असे कोसळले की आमचा नुसता कच्चा माल जेवढ्याला पडायचा, तेवढ्यात त्यांचं भरून शिवलेलं पोतं चेन्नईच्या बंदरात उतरायला लागलं. आमची जुनी गिऱ्हाइकं, खाद्य बनवणारे गिरणीवाले, फोनवर गोड बोलत आणि माल तिकडून उचलत. अशा वेळी इथल्या कारखानदाराला दिल्लीत तक्रार करता येते. मग सरकारी चौकशी लागते. परदेशी माल खरोखर अन्याय्य भावाने येतोय का, आणि त्यामुळे इथल्या उद्योगाचं नुकसान झालंय का, हे दोन्ही सिद्ध झालं की त्या मालावर जादा शुल्क बसतं. नुकसान मांडून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

नुकसान खोटं नव्हतं. माझ्या आकड्यांवर कुणी बोट ठेवू शकणार नाही, याचा मला त्या वेळी फार अभिमान होता, आणि आकड्यांपुरता तो आजही आहे. पण नुकसान होतं ते त्या एका पावडरीत. कारखान्यातून आणखी दोन माल निघत, ते झकास चालले होते. कायदा विचारतो ते एकाच मालाबद्दल, त्यामुळे इतर मालांचं कौतुक तक्रारीत करायचं कारण नव्हतं. कंपनी बुडत नव्हती. हे मॅनेजरना माहीत होतं, मला माहीत होतं. खाली पॅकिंगमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. शुल्क बसलं आणि भाव सावरला तर पहिल्यांदा काय करायचं, असं मॅनेजरनी मला विचारलं होतं. मी उत्साहाने टिपण लिहून दिलं: पोती भरून शिवणारं स्वयंचलित यंत्र घ्यावं, पॅकिंगची बहुतेक माणसं मोकळी होतील. 'मोकळी होतील' हे माझे शब्द. मॅनेजरनी पाठ थोपटली.

कागदोपत्री दाखवलंय ते खरं आहे का, हे तपासायला दिल्लीचे अधिकारी कारखान्यात येतात. त्यांची तारीख पडली ती नेमकी दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची. इकडे त्या दिवशी कारखान्यांतून आयुधपूजा असते. यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावायचं, दाराला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, ट्रकच्या चाकांखाली लिंबं. आणि कंपनीकडून प्रत्येकाला मिठाईचा खोका. आमच्याकडे खोक्याबरोबर एक स्टीलचं भांडंही मिळायचं. बायका वर्षभर अंदाज करत राहायच्या, यंदा डबा की पातेलं.

हे सगळं, आणि त्याच दिवशी अधिकारी! माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी मॅनेजरना जाऊन सांगितलं, "वर मीटिंगमध्ये आपण म्हणणार की आमचं कंबरडं मोडलंय, आणि खाली मिठाईचे खोके रचलेले. कसं दिसेल ते?" ते विचारात पडले. म्हणाले, "बरं झालं, लक्षात आणून दिलंत." पूजा रद्द, माळा रद्द, खोके रद्द. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. पैसा नसल्याचं सोंग मात्र छान आणता येतं, आणि ते आणायची अक्कल माझी.

मॅनेजरनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना उभं करून कानडीत भाषण केलं. मी शेजारी उभा. 'कष्ट' हा एक शब्द मला कळत होता, तो पुन्हा पुन्हा येत होता. कानडीत अडचणीला कष्ट म्हणतात. कंपनीला कष्ट आहे, यंदा पूजा नाही, सगळ्यांनी समजून घ्या. एका बाईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की काय, मला नीट दिसलं नाही, आणि मी नीट पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला जिन्यात गाठलं.

"अण्णा, स्वल्प बोलायचं होतं. कंपनी जाते म्हणतात, खरं काय?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे, अक्का. मला काही बोलता येत नाही. गोपनीय असतं ते."

"ते असू द्या. माझं सांगा की. तुमच्याच सोसायटीत माझी मावसबहीण झाडलोट करते. तिथे त्या लोकांवर देखरेख करायला बाई पाहिजे म्हणे. सावलीतलं काम. बहिणीने सांगून ठेवलंय, दसऱ्याच्या आत हो म्हणायचं. जाऊ काय राहू?"

उत्तर मला ठाऊक होतं. कंपनी जात नव्हती, पण अक्का जाणार होत्या. माझ्याच टिपणात तसं लिहिलेलं होतं. 'जा' एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. त्यात कसली गोपनीयता फुटली नसती. पण माझ्या डोळ्यांपुढे अधिकाऱ्यांची फेरी होती. ते खाली येणार, पॅकिंग चालू बघणार, माझ्या कागदांत लिहिलाय तेवढ्या वेगाने पोती शिवली जाताहेत का हे पाहणार. अक्का गेल्या तर त्या बायका कोण सांभाळणार?

"दसरा होऊ द्या, अक्का," मी म्हणालो. "मग बघू."

"सरी," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता. मी वर येऊन चहा मागवला.

अधिकारी आले, एक बाई आणि त्यांचे सहायक. बाई फार शांत. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या, आणि सकाळभर माझी बिलं, गोदामाच्या नोंदी, विजेचा खर्च एकेक करून पडताळत बसल्या. कुठे काही निघालं नाही. मी खुशीत होतो. जेवणानंतर त्या म्हणाल्या, आता कारखाना बघू.

पॅकिंगच्या दारात मी थबकलो. शिवायचं यंत्र लख्ख पुसलेलं, त्याला हळदकुंकू. वर झेंडूची माळ, पण दुकानातली नव्हे, घरी कुणीतरी ओवलेली. फुलं लहानमोठी, दोऱ्याची गाठ दिसत होती. पुढे एक कोहळा, तोही छोटा. उदबत्तीचा वास आमच्या पावडरीच्या वासाशी झुंजत होता. आणि पोत्यांचं काम चालूच, एक हात न थांबता. आम्हाला पाहून अक्का उठल्या, हात धुतले आणि कागदाच्या पुड्या घेऊन पुढे आल्या. चुरमुरे, डाळं, गुळाचा खडा. पहिली पुडी त्यांनी अधिकारी बाईंच्या हातात ठेवली.

बाईंनी हसून हिंदीत विचारलं, "कंपनी की तरफ़ से?"

अक्कांचं हिंदी बेताचं. "नहीं मैडम. इस साल कंपनी को कष्ट है. हम लोग सब मिलके किया. मशीन को भूखा नहीं रखना ना."

मॅनेजरचा चेहरा उजळला. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "याहून चांगला पुरावा कुठला पाहिजे?" आणि मी, तोंड दिलंय देवाने म्हणून, हसलो. पण अधिकारी बाई हसत नव्हत्या. त्या हातातल्या पुडीकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान वळवून पोती मोजायचं नाटक केलं. ज्यांच्या तोंडची मिठाई मी काढली, त्यांनी आपल्या खिशातून गूळ आणून माझ्या कंपनीची लाज राखली होती, आणि ती लाज मुळात होती माझी.

परत जाताना, गाडीत बसायच्या आधी, बाई मला बाजूला घेऊन हळू म्हणाल्या, "पूजा क्यों बंद की आपने? हम तो सिर्फ़ आँकड़े देखते हैं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी "जी मैडम, जी मैडम" करत त्यांना गाडीत बसवून दार लावलं.

संध्याकाळी निघताना अक्कांनी दोन पुड्या माझ्या हातात दिल्या, घरच्यांसाठी. म्हणाल्या, "सगळं नीट झालं ना, अण्णा? साहेब लोकांना राग तर नाही आला, आम्ही केलं म्हणून?" मी म्हटलं, नाही, छान झालं. रिंग रोडवर गाड्या नेहमीसारख्या अडकलेल्या. त्या गर्दीत बसून मी दोन्ही पुड्या खाऊन टाकल्या. घरी नेल्या असत्या तर कुणी दिल्या, का दिल्या, हे बायकोला सांगावं लागलं असतं. कागदाला पावडरीचा वास होता.

दसऱ्यानंतर मी स्वतःहून खाली गेलो. म्हटलं, अजून वेळ असेल तर सांगून टाकू. अक्का पोतं शिवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "ती जागा गेली, अण्णा. दुसरीला दिली. असू द्या," त्या म्हणाल्या. "कष्टातलं घर टाकून कुणी जातं काय? माझ्या मनालाही सरी वाटत नव्हतं." म्हणजे माझ्या टोलवाटोलवीला त्यांनी चांगलं नाव देऊन टाकलं होतं. तेव्हा तरी यंत्राचं बोलायला हवं होतं. मी धाग्याच्या रिळांचा काहीतरी प्रश्न विचारला आणि वर आलो.

पुढे काही महिन्यांनी निकाल लागला. शुल्क बसलं. गिरणीवाल्यांचे फोन पुन्हा यायला लागले, आता खरंच गोड. मॅनेजरनी आम्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांना इंदिरानगरात जेवायला नेलं. तिथे माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या गेल्या. मी उभा राहून हात जोडले. टाळ्या मला आवडल्या, खोटं कशाला बोलू.

मग यंत्र आलं. पॅकिंगच्या बायका कंत्राटदाराच्या नावावर होत्या, त्यामुळे त्यांना 'उद्यापासून नको' म्हणायचं कामही कंपनीला करावं लागलं नाही. कंत्राटदाराने केलं. त्या दिवशी मी खाली उतरलोच नाही. जेवणाचा डबा टेबलावर उघडला. दुपारी शिपाई म्हणाला, "सर, ती अक्का तुम्हाला विचारत होती. मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं." मीटिंग वगैरे काही नव्हती. काचेतून फाटक दिसतं, पण मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलो होतो.

यंदाची आयुधपूजा दणक्यात झाली. नव्या यंत्राला गुलाबाचा हार, दारात केवढाले केळीचे खुंट, मोठ्या दुकानातली मिठाई. खोका दुप्पट मोठा, वर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत. भांडीही आणली होती, पण ती घ्यायला माणसं कमी, म्हणून आम्हा वरच्यांना दोन-दोन मिळाली.

खोका काखोटीला मारून मी सोसायटीत शिरलो, तर लिफ्टसमोर दोघीजणी फरशी पुसत होत्या. दोघींच्या अंगात निळे कोट. त्यातली एक उठून उभी राहिली.

"ऊट झालं काय, अण्णा?"

अक्का. देखरेखीची जागा गेली होती, ही झाडण्यापुसण्याची उरली होती. तीन आठवडे झाले म्हणाल्या, दुसऱ्या टॉवरमध्ये होत्या, आज इकडे पाठवलं. चेहऱ्यावर नेहमीचं हसू. मला वाटलं आता बोलतील, निदान विचारतील की यंत्र येणार हे तुम्हाला ठाऊक होतं काय. मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागलो.

त्यांनी विचारलं, "आज पूजा झाली असेल ना? गोड वाटलं काय कंपनीने?"

"वाटलं."

"मोठी पूजा?"

"मोठी."

"मग बरं आहे म्हणायचं आता कंपनीचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. मला टोमणा हवा होता. टोमणा असता तर मी चिडलो असतो, मनात धरून ठेवला असता, सुटलो असतो. तसलं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या लाजेने मेलो.

काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी खोका पुढे केला. "घ्या, अक्का." त्यांनी ओले हात कोटाला पुसले, खोका दोन्ही हातांनी घेतला, त्यावरच्या सोनेरी नावावरून अंगठा फिरवला आणि डोळ्यांना लावला. लिफ्ट आली. मी आत शिरून बटण दाबलं. दार मिटता मिटता त्या खोका उघडून शेजारणीला बोलावत होत्या.

"नम्म कंपनीदु," त्या तिला म्हणाल्या. "तगो."

आमच्या कंपनीचं आहे, घे. तेवढं कानडी मला कळतं.